सात भोकं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं भरतकामाचं यंत्र,
बारा सुयांचं. दिवसाला शाळेचे सहाशे खिसे,
वॉचमनांचे बिल्ले, कधी एखाद्या हॉटेलचा मोर.
हत्तरकी सार्जंट आले ते वैशाखात, भर दुपारी,
लुनावरून, डोक्याला ओला टॉवेल.

जेवणाच्या डब्यातून काढला कापडी गोल,
तळव्याएवढा, कडा उसवलेल्या, ग्रीसचा वास अजून.
मधे टिटवी, पंख मिटायच्या बेतात.
खाली पथकाचा आकडा,
त्यातला एक अंक तेलानं गिळलेला.
"एकच पाहिजे."
म्हटलं, पन्नासच्या खाली परवडत नाही, सर.
"मग पन्नास कर. मी एक नेतो."

टिटवीला डोळा नव्हता.
दोरा कधीच गळून गेलेला, राहिली सुईची भोकं.
भिंगाखाली मोजली. सात.
"रंग कुठला होता?"
सार्जंट पंख्याकडे बघत राहिले.
"एकवीस वर्षं विमानांची पोटं उघडली मी.
कुणाच्या शेपटीवर कुठला पट्टा, झोपेत सांगेन.
डोळा आठवत नाही बघ."
मग, लुनाला किक मारता मारता :
"लाल नसावा."

हे मी आधी ऐकलं होतं, तेलुगूत.
आमचे चिन्नताता, राजमल्लू दुडम,
चादरींच्या गाठोड्यांवर गिरणीचा छाप उठवणारे,
लढाईच्या दिवसांत रंगारी म्हणून भरती झाले.
पूर्वेला कुठंतरी धावपट्टी, जळवा, डास,
आणि काम एकच :
पंखावरच्या गोलातला तांबडा ठिपका बुजवायचा.
समोरच्याच्या पंखावर तांबडा सूर्य,
आपल्या गोलात तांबडं बुबुळ,
आणि खाली तोफेवरच्या पोराला
विचार करायला दोन सेकंद.
"एरुपु वद्दु," ताता म्हणायचे, लाल नको,
"ठिपक्यापायी आपलेच आपल्याला पाडायचे."
एवढं बोलून बशीत चहा ओतायचे.

स्वातंत्र्यानंतर त्या गोलात चक्र आलं.
एका पंखावर तातांनी पंचवीस आरे ओढले,
आणि रात्रभर कंदिलाच्या उजेडात
एक आरा खरवडत बसले.
कुठला जास्तीचा, हे काही कळेना,
म्हणून सगळेच खरवडले.
दोन वर्षांत चक्रही गेलं.
बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा,
हा गोल त्यांनी रंगवला नाही,
परत आले होते, गाठोड्यांवर छाप मारत होते.
कॅलेंडरवर पाहिला तेव्हा बोट ठेवलं नेमकं मध्यावर :
"कंपास इथं रुतवला असेल.
आम्ही खाली कातड्याचा तुकडा धरायचो,
तरी टोक उतरायचंच.
रंग बदला किती पण,
ते भोक जुनंच."

तर मी असं केलं.
डोळ्यासाठी नऊ नंबरची सुई लावली,
दोरा न ओवता.
सात टोचे, कोरडे.
यंत्राला हे पटेना. दर टिटवीला थांबायचं,
लाल दिवा लावून ओरडायचं : धागा तुटला, धागा तुटला.
पन्नास वेळा मी हातानं बटण दाबलं.
शेजारचा सादुल हसून गेला.

सार्जंटनी पैसे पन्नासांचे दिले, मोजून.
एक टिटवी दाराशी उजेडात धरली.
होटगीच्या बाजूचं ऊन
सात ठिकाणी बारीक आत आलं.
बरं झालं म्हणाले नाहीत, चुकलं म्हणाले नाहीत.
जुना गोल विसरून गेले टेबलावर,
अर्ध्या तासानं परत आले घ्यायला.

उरलेल्या एकोणपन्नास बुटाच्या खोक्यात आहेत.
सोमवारपासून पुन्हा खिसे.
निळ्यावर पिवळं कमळ, शाळेचं नाव,
आणि नऊ नंबरमध्ये दोरा ओवायचा राहिलाय अजून.